दराबद्दल ‘रिव्हर्ट’ : टॉवेलच्या एका ऑर्डरचं प्रकरण

आपल्याकडच्या ऑफिसांत ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिल्याशिवाय मेल संपत नाही. ‘उत्तर कळवा’ एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजीची माणसं या वापरावर नाक मुरडतात, ऑफिसातली माणसं तिकडे लक्ष देत नाहीत, आणि दोघांचंही चाललेलं असतं. या शब्दापायी रोख पैशांचा प्रश्न उभा राहिलेला पाहायला मिळाला तो सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात. कारखान्याचं नाव देत नाही आणि हिशोब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल केले आहेत. मेलमधली वाक्यं मात्र शब्दशः आहेत, कारण सगळा खेळ त्यांचाच आहे.

कारखाना मध्यम आकाराचा. मालकांच्या घरात तेलुगू, लूमवर तेलुगू-कन्नड-उर्दूची मिसळ, बँकेत आणि कोर्टात मराठी, आणि बायरशी इंग्रजी. शहराच्या पूर्वभागातल्या निम्म्या कारखान्यांत हीच परिस्थिती आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. एक्स्पोर्टचा पत्रव्यवहार बीकॉम झालेला एक तरुण सांभाळतो. पोरगा कामाचा आहे, पॅकिंग लिस्टमध्ये त्याची चूक सापडत नाही. अशा कारखान्यांची इंग्रजी पत्रं तपासून देणं हे माझं काम. या वेळी मात्र मला बोलावलं ते बिघडून गेल्यावर.

माल आणि दर

बायर उत्तर इंग्लंडमधला, घाऊक व्यापारी. त्याला ७० बाय १४० सेंटिमीटरचा बाथ टॉवेल हवा होता. कारखान्याने आधी ४५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाचा), साध्या बॉर्डरचा नमुना पाठवला. दर २.४० डॉलर, एफओबी न्हावाशेवा, म्हणजे न्हावाशेवा बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च धरून. बायरला हाताला जरा भरीव लागणारा माल हवा होता, म्हणून दुसरा नमुना गेला : ५०० जीएसएम, डॉबी बॉर्डर (विणीतच नक्षी असलेली), दर २.६५.

टॉवेलच्या धंद्यात नसलेल्यांसाठी थोडा हिशोब. ७० बाय १४० म्हणजे ०.९८ चौरस मीटर. ४५० जीएसएमला एक टॉवेल ४४१ ग्रॅम भरतो, ५०० जीएसएमला ४९० ग्रॅम. नगामागे ४९ ग्रॅम. हातात दोन्ही टॉवेल धरले तर फरक कळेल न कळेलसा. पण ऑर्डर १२,००० नगांची होती, म्हणजे ५८८ किलो सूत जास्त, शिवाय त्याची रंगाई आणि डॉबीचं काम. नगामागे २५ सेंट म्हणजे पूर्ण ऑर्डरीवर ३,००० डॉलर. अण्णांचा या ऑर्डरीतला नफा याच्या आसपासच होता.

मेल

बायरचा मेल आला : ‘वुई लाइक सॅम्पल टू. कॅन यू डू इट ॲट द अर्लिअर प्राइस?’

दुसरा नमुना पहिल्या दरात द्याल का, असा सरळ प्रश्न. अण्णा त्या मुलाला म्हणाले, “सूतवाल्याला विचारतो, मग सांगू. सोमवारपर्यंत कळवतो म्हणून लिही.” मुलाने लिहिलं :

‘रिगार्डिंग अर्लिअर प्राइस, वुई विल रिव्हर्ट बाय मंडे.’

हा संक्रांतीच्या आधीचा गुरुवार. पुढचे दिवस गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेचे. यण्णीमज्जनापासून (तैलाभिषेक) दारूकामापर्यंत (आतषबाजी) सोलापुरात कुणाकडून कामाची अपेक्षा ठेवायची नसते. निम्मे कामगार नंदीध्वजांच्या मागे, उरलेले होम मैदानावर. सूतवाला दुकानात सापडला नाही, सोमवार उलटून गेला, दराचं काही ठरलं नाही आणि बायरला काही कळवलंही गेलं नाही.

तिकडे बायर फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिलच्या प्रदर्शनात होता. घरगुती कापडाचा जगातला मोठा बाजार दर जानेवारीत तिथे भरतो. एका स्टॉलवरून दुसऱ्या स्टॉलकडे जाताना फोनवर त्याने तो मेल वाचला आणि लगेच उत्तर टाकलं : ‘ग्रेट, थँक यू. ऑर्डर टू फॉलो.’ सोमवारी ऑर्डर आली. सॅम्पल टू, १२,००० नग, दर २.४०.

मुलाने बुधवारी ऑर्डर उघडली. नग बघितले, रंग बघितले, जहाजाची तारीख बघितली आणि सवयीप्रमाणे उत्तर दिलं : ‘नोटेड विथ थँक्स.’

पुढच्या आठवड्यात कारखान्याची प्रोफॉर्मा, म्हणजे माल पाठवण्याआधीचं कच्चं बिल, गेली २.६५ ची. बायर उखडला. त्याचा मेल सभ्य होता, पण इंग्रज माणूस ‘आय ॲम सरप्राइज्ड’ म्हणतो तेव्हा तो नुसता आश्चर्यचकित झालेला नसतो. तुम्हीच दर कमी केलात, आम्ही आभार मानले, ऑर्डर दिली, तुम्ही ती पोचल्याचं कळवलंत, आणि आता दर वाढवता? त्या दरावर त्याने पुढे आपल्या दुकानदारांना शब्द दिला होता.

कुणी काय वाचलं

अण्णांच्या केबिनमध्ये टेबलावर दोन्ही टॉवेल पसरलेले होते आणि मेलची प्रिंट मधोमध. मुलगा भिंतीला टेकून उभा. अण्णांनी त्याला विचारलं, “काय लिव्हलास बे ह्याच्यात?” आणि मग माझ्याकडे वळून, “सर, मी ‘कळवतो’ म्हणालो. ‘देतो’ कुठं म्हणालो?”

कारखान्याने लिहिलेल्या वाक्याचा कारखान्याच्या मनातला अर्थ : आधीच्या दराबद्दल सोमवारपर्यंत कळवतो. बायरने वाचलेला अर्थ : आधीच्या दराचं म्हणाल तर, सोमवारपर्यंत आम्ही त्यावर परत येतो. बायरचं वाचन ओढूनताणून केलेलं आहे असं मला वाटलं नाही. उलट, इंग्रजी ज्याची घरची भाषा आहे अशा माणसाला ते वाक्य दुसऱ्या कुठल्या अर्थाने लागलं असतं, हाच प्रश्न आहे. इंग्रजीत ‘रिव्हर्ट’ म्हणजे मुळात पूर्वीच्या अवस्थेला परत जाणं. सोडलेली सवय परत लागते, भाडेपट्टा संपल्यावर जमीन मूळ मालकाकडे जाते, नवी पद्धत जमली नाही की जुनीवर येतात, तिथे हा शब्द येतो. लॅटिनमधल्या ‘मागे वळणे’ या धातूपासून तो आला आहे. बायरने विचारलं होतं, पूर्वीच्या दराला येता का? आणि उत्तरात ‘पूर्वीचा दर’ आणि ‘रिव्हर्ट’ एकाच ओळीत शेजारी बसले होते. घाईत वाचणाऱ्याने दुसरं काय समजावं?

तो मुलगा म्हणाला, “पण सर, सगळे असंच लिहितात. फॉरवर्डर लिहितो, बँक लिहिते, परवाच्या जर्मन बायरलाही मीच लिहिलं होतं, त्याला कळलं.” खरं होतं. (फॉरवर्डर म्हणजे माल जहाजाने पाठवायची व्यवस्था करणारा.) मी त्याचे जुने मेल मागवून बघितले. ‘प्लीज रिव्हर्ट विथ बीएल ड्राफ्ट’, ‘वुई विल रिव्हर्ट ऑन कार्टन मार्किंग’, ‘अवेटिंग युअर रिव्हर्ट’. यातल्या एकाही वाक्यात घोळ होण्यासारखं काही नव्हतं, आणि झालाही नव्हता. शेवटचं वाक्य वाचून इंग्रज शिक्षकाने कपाळावर हात मारला असता, पण माल वेळेवर गेला असता.

मग याच वाक्यात काय बिनसलं? या वाक्यात परत जाण्यासारखी एक जागा होती. बीएलच्या (बिल ऑफ लेडिंग, जहाजावर चढवलेल्या मालाची पावती) ड्राफ्टला ‘पूर्वीचं’ काही नसतं, त्यामुळे तिथे ‘रिव्हर्ट’ला ‘उत्तर दे’ याखेरीज दुसरा अर्थ सुचतच नाही. पण वाक्यात आधीचा दर, आधीचा नमुना, आधीची तारीख, जुनी डिझाइन असं काही आलं, की शब्दाचा मूळ अर्थ जागा होतो आणि भारतीय अर्थाला बाजूला सारतो. अशा वाक्यात तो वापरणं धोक्याचं. बाकी ठिकाणी तो फार तर गावठी दिसेल.

दोन गोष्टींनी घोळात भर टाकली. ‘रिगार्डिंग’ने सुरू झालेलं अर्धवट वाक्य ही पहिली. ‘दराबद्दल’ काय? कळवणार, बदलणार, नाकारणार? मराठीत ‘दराबद्दल कळवतो’ म्हटलं की क्रियापदच सगळं सांगून टाकतं. इथे क्रियापद दुटप्पी निघालं तेव्हा सावरायला वाक्यात दुसरं काही नव्हतं. दुसरी गोष्ट म्हणजे ‘बाय मंडे’. कळवायचं होतं ते सोमवारपर्यंत कळवलं असतं तर बायरचा गैरसमज तिथेच फिटला असता. सोमवारच्या शांततेने तो पक्का झाला.

शब्द कुठून आला

‘हे भारतीयांचं चुकीचं इंग्रजी’ असं म्हणून हात झटकणं मला पटत नाही. मुद्द्यावर परत येणं या अर्थाने ‘रिव्हर्ट टू द सब्जेक्ट’ हे चांगलं जुनं इंग्रजी आहे. ‘या विषयाकडे परत येईन’पासून ‘या विषयावर तुमच्याकडे परत येईन’ हे अंतर फार नाही. जहाजवाहतुकीच्या धंद्यात तर ‘प्लीज रिव्हर्ट सूनेस्ट’ हे जगभर चालतं, इंग्रज दलालही लिहितात. आपल्या एक्स्पोर्टवाल्यांचा रोजचा संबंध फॉरवर्डर आणि शिपिंग एजंटांशी, त्यामुळे तिथूनच हा शब्द सोलापुरापर्यंत आला असावा असा माझा कयास आहे. उत्तर देणे हा अर्थ ऑक्सफर्डच्या इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशातही आता नोंदलेला आहे. म्हणजे शब्दकोश काढून त्या मुलाला चूक ठरवायला गेलो असतो, तर त्याने तोच शब्दकोश माझ्यापुढे धरला असता.

गंमत अशी की मूळ अर्थही सोलापुरात कुणाला नवा नाही. सरकारी ऑफिसात जाऊन ‘अमक्याला रिव्हर्ट केलं’ म्हणा. त्याला उत्तर पाठवलं असं कुणीही समजणार नाही. बढती काढून घेऊन मूळ पदावर आणलं, हेच सगळ्यांना कळेल. अण्णांचे साडू एका सरकारी खात्यात आहेत. मी हे उदाहरण दिल्यावर अण्णा पहिल्यांदा हसले. “म्हणजे बायरला वाटलं आम्ही दराला रिव्हर्ट केलं!” बरोबर तेच बायरला वाटलं होतं, आणि अण्णांना ते समजावायला माझ्या व्याकरणाची गरज पडली नाही.

‘रिव्हर्ट बॅक’ लिहिणाऱ्यांबद्दल मात्र मला सहानुभूती नाही. ‘परत’ हे त्या शब्दातच आहे.

कायदा काय म्हणतो

अण्णांचा पहिला प्रश्न भाषेचा नव्हता, ‘आता आपण बांधले गेलो का?’ हा होता. त्यांच्या वकिलांनी १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १३ काढून दाखवलं : दोन पक्षांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिला तरच ती संमती. ‘एकाच अर्थाने’ हे शब्द कायद्यातच आहेत.

याच मुद्द्यावरचा एक प्रसिद्ध इंग्रज खटला आपल्याच कापसाचा आहे. रॅफल्स विरुद्ध विकेलहाउस, १८६४. मुंबईहून ‘पीअरलेस’ नावाच्या जहाजातून लिव्हरपूलला येणाऱ्या सुरती कापसाच्या १२५ गाठींचा सौदा झाला. पीअरलेस नावाची जहाजं निघाली दोन. एक ऑक्टोबरात मुंबईहून सुटलं, एक डिसेंबरात. घेणाऱ्याच्या मनात ऑक्टोबरचं, देणाऱ्याच्या मनात डिसेंबरचं. डिसेंबरच्या जहाजाचा कापूस घ्यायला घेणाऱ्याने नकार दिला आणि निकाल घेणाऱ्याच्या बाजूने लागला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात. दोन जहाजांना एक नाव, तसे इथे दोन अर्थांना एक क्रियापद.

अण्णांना धीर आला, पण फार वेळ टिकला नाही. वकिलांनी दोन गोष्टी सांगितल्या. संदिग्ध वाक्याचा अर्थ लावताना कोर्ट सहसा ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध झुकतं. आणि ‘रिव्हर्ट’चा घोळ मान्य केला तरी पुढचं ‘नोटेड विथ थँक्स’ आहेच. ऑर्डरवर २.४० हा आकडा स्वच्छ छापलेला होता, त्यात दुसरा अर्थ निघायला जागा नव्हती, आणि तो वाचून कारखान्याने आभार मानले होते. मुलाच्या मते ‘नोटेड’ म्हणजे मेल मिळाला. बायरच्या मते ‘नोटेड’ म्हणजे ऑर्डर मान्य. या दुसऱ्या वाक्याने खरं तर पहिल्यापेक्षा जास्त नुकसान केलं असं माझं मत आहे. पहिलं निदान संदिग्ध होतं.

आणि तीन हजार डॉलरसाठी इंग्लंडातल्या बायरशी भांडायला कोण जातंय? तो बायर टिकला पाहिजे, हे अण्णांचं गणित होतं, आणि ते वकिलाच्या गणितापेक्षा खरं होतं.

काय लिहिलं

मुलाने तयार केलेल्या मसुद्यात ‘यू हॅव मिसअंडरस्टुड अवर मेल’ असं वाक्य होतं. ते आधी काढलं. मिसअंडरस्टुड म्हटलं की दोष वाचणाऱ्याकडे जातो, आणि इथे तो लिहिणाऱ्याचा होता. अण्णांना माफीही नको होती, “माफी मागितली की दर गेला” म्हणून. मग मधला मार्ग काढला. पत्र चार भागांत होतं, इथे मराठीत देतो :

आमच्या मेलमधल्या ‘रिव्हर्ट’ या शब्दाने आम्हाला ‘उत्तर कळवू’ असं म्हणायचं होतं. भारतात तो तसा वापरला जातो. त्याचा अर्थ दर कमी केला असा लागू शकतो हे तुमच्या मेलवरून आमच्या लक्षात आलं. सोमवारी कळवायचं आमच्याकडून राहिलं. ऑर्डर पाहताना दराच्या रकान्याकडे आमचं लक्ष गेलं नाही.

त्याखाली तीन पर्याय आकड्यांत : पहिला नमुना २.४०, दुसरा नमुना २.६५, किंवा ५०० जीएसएम पण साध्या बॉर्डरचा २.५२. तिन्हींचं नगाचं वजन ग्रॅममध्ये. यातला तिसरा पर्याय हा माझा नव्हे, अण्णांचा. ४९ ग्रॅम सुताचा खर्च निघतो आणि डॉबीचं काम वाचतं, एवढं त्यांनी मागच्या कोऱ्या कागदावर पेन्सिलीने करून दाखवलं. नफा पातळ होत होता, पण लूम रिकामे ठेवण्यापेक्षा बरा.

बायरने एक दिवस घेतला आणि तिसरा पर्याय उचलला. त्याला वजन हवं होतं, बॉर्डर त्याच्या गिऱ्हाइकाने मागितलेलीही नव्हती. उत्तरात त्याने एवढंच लिहिलं की त्याच्या ऑफिसात या शब्दावर बराच वाद झाला आणि तिथल्या शिपिंगच्या बाईंनी भारतीय अर्थ आधीच ओळखला होता. म्हणजे माहीत असलेलं माणूस त्यांच्याच इमारतीत होतं, पण मेल तिच्यापर्यंत गेला नव्हता.

नंतर

मूळ मेल कसा लिहायला हवा होता, हे मुलाने मला विचारलं. मी एक वाक्य दिलं : ‘वुई विल लेट यू नो बाय मंडे व्हेदर वुई कॅन ऑफर सॅम्पल टू ॲट २.४०.’ यात जीव आहे तो ‘व्हेदर’मध्ये. ‘देता येईल की नाही ते’ असं म्हटलं की दोन्ही दारं उघडी आहेत हे वाचणाऱ्याला दिसतं. ‘अर्लिअर प्राइस’ऐवजी आकडा घातला, कारण तिसरा नमुना गेला की ‘आधीचा’ म्हणजे कुठला हा नवा घोळ तयारच असतो. ‘रिव्हर्ट’च्या जागी नुसतं ‘गेट बॅक’ घालून भागलं नसतं. ‘रिगार्डिंग अर्लिअर प्राइस, वुई विल गेट बॅक’ हेही तितकंच लटकतं. शब्द बदलून वाक्य तसंच ठेवण्याचा मोह मुलाला झाला होता, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

‘नोटेड विथ थँक्स’साठी आता त्यांच्याकडे दोन वेगळी उत्तरं आहेत. मेल पोचला एवढंच सांगायचं असेल तर ‘रिसीव्ह्ड, अंडर रिव्ह्यू’. ऑर्डर मान्य असेल तर नग, दर आणि तारीख आकड्यांत परत लिहून ‘कन्फर्म्ड’. दुसरं उत्तर अण्णांना दाखवल्याशिवाय जात नाही.

अण्णांनी स्वतःचा एक नियम काढला : दराचं बोलणं फोनवरच. मला तो अर्धाच पटला, कारण फोनवर ठरलेला दर शेवटी कुणीतरी मेलमध्ये लिहितोच, आणि तो कुणीतरी म्हणजे हाच मुलगा. फोन झाल्यावर त्याच दिवशी आकडे मेलने पाठवायचे, एवढी भर त्यांनी कबूल केली.

फॉरवर्डरला मुलगा अजून ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहितो, खाली ‘डू द नीडफुल’ही असतं. हा वाक्प्रचार एकेकाळी खुद्द इंग्लंडच्या व्यापारी पत्रांत चालायचा. तिथे जुना झाला, इथे राहिला. फॉरवर्डरचं न्हावाशेव्याचं ऑफिस त्याच भाषेत उत्तर देतं आणि कंटेनर वेळेवर लागतो. त्या मेलना मी हात लावलेला नाही.